ग्लेन को: जे खचलं तेच डोंगर होऊन उभं राहिलं

स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या ग्लेन कोचे फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेच असतील. दोन्ही बाजूंना काळेकभिन्न कडे, मधून जाणारा एकच रस्ता, अर्ध्या डोंगरापर्यंत उतरलेले ढग. आणि मग कुणीतरी सांगतं की हा एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचा कॅल्डेरा आहे, की लगेच आपल्या डोक्यात चित्र तयार होतं: अच्छा, म्हणजे ही दरी हे त्या ज्वालामुखीचं तोंड, आणि आजूबाजूचे डोंगर म्हणजे त्याचा काठ.

नाही. इथेच सगळ्यांची गाडी चुकते. दरीचा आणि ज्वालामुखीच्या तोंडाचा काही संबंध नाही. दरी बर्फाने कोरलीये, अगदी अलीकडे, आणि ज्वालामुखी आहे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि खरी गंमत ही की जो भाग तेव्हा जमिनीत खचला होता तोच आज सगळ्यात उंच उभा आहे. बीडियन नाम बियान हे तिथलं ११५० मीटरचं शिखर, जुन्या आर्गाइल परगण्यातलं सर्वात उंच, ते त्या खड्ड्यात साचलेल्या मालाचंच बनलंय. खड्डा वर आणि काठ गायब, असा सगळा उलटा कारभार. हे कसं झालं ते बघू.

आधी कॅल्डेरा म्हणजे काय ते क्लिअर करून घेऊ, कारण कॅल्डेरा आणि क्रेटर यात लोक कायम घोळ घालतात. क्रेटर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड, जिथून माल बाहेर फेकला जातो, ते साधारण काहीशे मीटरचं असतं, फार तर किलोमीटरभर. कॅल्डेरा वेगळ्या प्रकाराने होतो. जमिनीखाली काही किलोमीटरवर मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, मोठा साठा असतो, आणि वरच्या खडकाचं छत काही अंशी त्या साठ्याच्या दाबावर टेकलेलं असतं. मोठा उद्रेक झाला आणि थोड्या काळात भरपूर मॅग्मा बाहेर पडला की छताखालचा आधार जातो, छत तडकतं आणि अख्खंच्या अख्खं खाली बसतं. पातेल्याच्या मापाला जरा लहान असलेलं झाकण आत पडलं की ते बुडतं आणि कडेच्या फटीतून आतला रस वर येतो ना, तसंच. फक्त इथे झाकण होतं साधारण १४ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद. आणि कडेच्या फटीतून वर आलेला मॅग्मा तिथेच थिजला, तो आजही जागेवर आहे, हात लावून बघता येतो.

हे झाकणाचं गणित पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? ब्रिटनच्या जिऑलॉजिकल सर्व्हेतले तीन जण, क्लाउ, मॉफ आणि बेली, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागाचा नकाशा करत होते. नकाशा करणं म्हणजे चालणं, दगड फोडणं, कुठला खडक कुठे संपतो ती रेघ कागदावर ओढणं, आणि हे सगळं स्कॉटलंडच्या पावसात. रेघा जोडत गेल्यावर दिसलं की ज्वालामुखीचे खडक एका वळणदार भेगेच्या आत आहेत आणि बाहेर आहेत ते कितीतरी जुने, दाबाने आणि उष्णतेने बदललेले शिस्ट आणि क्वार्टझाइट, आणि भेगेला चिकटून थिजलेल्या मॅग्माची कड. म्हणजे आतला तुकडा खाली गेलाय. १९०९ मध्ये त्यांनी हे छापलं. इतक्या जुन्या, पार झिजलेल्या ज्वालामुखीत जमीन अशी गोलाकार खचल्याचं दाखवणारं हे पहिलंच काम, त्यामुळे भूगर्भशास्त्रात ग्लेन कोचं नाव कायमचं कोरलं गेलं. पुढे १९४१ मध्ये ज्वालामुखीतज्ज्ञ हॉवेल विल्यम्सने जगभरच्या कॅल्डेरांचे प्रकार पाडले तेव्हा त्यात इंडोनेशियातल्या ज्वालामुखीच्या नावाचा क्राकाटाऊ प्रकार होता तसा ग्लेन को प्रकारही होता. क्लाउ मात्र ते बघायला राहिला नाही, १९१६ मध्ये फील्डवर काम करताना ट्रेनची धडक बसून तो गेला.

आता ४२ कोटी वर्षं मागे. तेव्हाचं स्कॉटलंड डोळ्यासमोर आणायचं तर आजचं पूर्ण विसरा. जमिनीचा हा तुकडा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, हवा गरम आणि बरीचशी कोरडी. आयापिटस नावाचा समुद्र मिटत आला होता, दोन्हीकडचे भूखंड एकमेकांवर आदळले होते आणि त्या धडकेतून उंच पर्वतरांग उभी राहिली होती, कॅलेडोनियन म्हणतात ती. समुद्राचा तळ खाली खोल घुसत गेला, त्यातून भरपूर मॅग्मा तयार झाला आणि वर चढायला लागला. आणखी एक गोष्ट, जमिनीवर झाडं जवळपास नव्हतीच. शेवाळ्यासारखी, बोटभर उंचीची काही रोपं असतील ओलाव्याच्या जागी, जंगल वगैरे काही नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण मुळं नसली की पाऊस पडल्यावर माती धरून ठेवायला कोणी नसतं, नद्या रेती-गोटे घेऊन धिंगाणा घालतात. तशा नद्यांनी आणून टाकलेल्या गोट्यांचे थर ग्लेन कोच्या खडकांत मध्येमध्ये सापडतात.

त्या डोंगराळ मुलखात एक लांबट खचदरी होती, दोन समांतर भेगांमध्ये जमीन खाली गेलेली, आणि तिच्यातून नदी वाहत होती. मॅग्मा आला तो याच कमकुवत पट्ट्यात.

पहिल्या टप्प्यात आला तो मॅग्मा, ज्याच्यापासून अँडेसाइट नावाचा ज्वालामुखी खडक होतो. तुम्ही आज ओनाख डूव्ह या डोंगराचा पश्चिमेकडचा कडा खालून पाहिलात तर खालच्या भागात आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसतात, एकावर एक पट्टे, मध्ये गवताच्या कडा. हे अँडेसाइट, एकूण जाडी काहीशे मीटर. कितीतरी दशकं सगळे समजत होते की हे लाव्हाचे प्रवाह आहेत, एक वाहिला, थंड झाला, त्यावर दुसरा. दिसतंही तसंच. पण नंतर, विसाव्या शतकाच्या शेवटी, मूर आणि कोकेलार या दोन भूगर्भशास्त्रज्ञांनी सगळा डोंगर पुन्हा बारकाईने तपासला आणि थरांच्या सीमा अगदी नाकाजवळ नेऊन पाहिल्या. लाव्हा जमिनीवरून वाहिला असता तर खालचा गाळ भाजला असता आणि वरचा गाळ नंतर निवांत येऊन बसला असता. इथे वरच्या बाजूलाही गाळ आणि अँडेसाइट यांची खिचडी झालेली, गाळात अँडेसाइटचे वेडेवाकडे तुकडे रुतलेले आणि अँडेसाइटच्या आत गाळाच्या जिभा शिरलेल्या. हे होतं कधी, तर मॅग्मा ओल्या, अजून न थिजलेल्या चिखलात घुसतो तेव्हा. पाण्याची क्षणात वाफ, मॅग्माचे तुकडे, सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणजे हे प्रवाह नव्हतेच, जमिनीच्या थोडंसं खाली, गाळाच्या थरांत आडव्या शिरलेल्या मॅग्माच्या लाद्या होत्या. डोंगर तोच, दगड तोच, पण अर्थ पार बदलला. मला विचाराल तर हे प्रकरण १९०९ च्या शोधाइतकंच भारी आहे, फक्त त्याची जाहिरात कमी झाली.

मग आला रायोलाइट, आणि खरा तमाशा सुरू झाला.

रायोलाइटचा मॅग्मा म्हणजे सिलिका भरपूर असलेला, प्रचंड घट्ट. घट्ट असल्यामुळे त्यातले वायू, मुख्यतः पाण्याची वाफ, सहज निसटू शकत नाहीत. मॅग्मा वर येतो तसा दाब कमी होतो, वायूचे बुडबुडे फुगायला लागतात, पण बाहेर पडायला वाट नाही, शेवटी मॅग्माच्याच चिंध्या होतात. मग जे बाहेर पडतं ते लाव्हा म्हणून वाहत नाही, ते काचेची राख, प्युमिसचे (बुडबुड्यांनी भरलेल्या हलक्या दगडाचे) तुकडे आणि तापलेला वायू यांचं मिश्रण असतं, त्याचा खांब आभाळात किलोमीटर किलोमीटर चढतो आणि त्याचं वजन हवेला पेलवेनासं झालं की कोसळतो आणि जमिनीलगत सगळीकडे सुसाट पसरतो. तापमान काहीशे अंश सेल्सिअस, वेग असा की पळून जाण्याचा प्रश्नच नाही. अर्थात पळायला तिथे कोणी नव्हतं.

हा माल जिथे जाड साचतो तिथे स्वतःच्याच उष्णतेने आणि वजनाने चिकटून घट्ट दगड होतो, त्याला इग्निम्ब्राइट म्हणतात. ग्लेन कोमध्ये याचे तुकडे ओळखायला सोपे आहेत. करडा-गुलाबी दगड, त्यात बारीक स्फटिकांचे पांढरे ठिपके, आणि मध्येमध्ये गडद रंगाच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या रेघा. रेघ बोटाएवढी असेल, कधी त्याहून मोठी. प्रत्येक रेघ म्हणजे एकेकाळचा प्युमिसचा गोळा, फुगलेला, बुडबुड्यांनी भरलेला, जो गरम असताना वरच्या मालाच्या वजनाने चपटा झाला. सगळ्या रेघा एकाच दिशेत आडव्या दिसतात, म्हणजे तेव्हा आडवं काय होतं ते कळतं, आणि आज त्या तिरक्या दिसल्या तर नंतर तो तुकडा कलला हे सुद्धा कळतं. एका मुठीएवढ्या दगडातून इतकं सगळं.

आता प्रश्न असा की कॅल्डेरा एकाच दणक्यात खचला का? १९०९ च्या चित्रात एक अखंड दंडगोल खाली सरकतो, साफ, सुटसुटीत. मूर आणि कोकेलार यांनी दाखवलं की भानगड तेवढी सरळ नव्हती. मधली जमीन अखंड नव्हतीच, जुन्या भेगांनी तिचे आधीच तुकडे पडलेले होते, आणि प्रत्येक उद्रेकात वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या मापाने खाली गेले, कधी इकडचा जास्त कधी तिकडचा. पुरावा काय, तर इग्निम्ब्राइटचा एकच थर भेगेच्या एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला एकदम जाड. राख पडत असतानाच ती बाजू खाली जात होती, म्हणून तिथे जास्त माल मावला. आणि दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ शांतता असायची, तेवढ्यात नदी परत यायची, ताज्या राखेत घळी कोरायची, गोटे आणून टाकायची, कुठे तळं साचायचं आणि त्यात बारीक गाळाचे पापुद्रे बसायचे. मग पुन्हा उद्रेक, पुन्हा खचणं. असं अनेक वेळा. शेवटी खड्ड्यात जो माल जमला त्याची जाडी हजार मीटरच्या वर गेली.

आता जे खड्ड्याच्या बाहेर पडलं त्याचं काय झालं? राख तर चहूकडे पसरली असणार, बाहेरच्या डोंगरांवर पण जाड थर बसले असणार. तो सगळा माल गेला. कोट्यवधी वर्षं पाऊस, वारा, नद्या यांनी धुऊन नेला, खालचे शिस्ट उघडे पडेपर्यंत. ज्वालामुखीचा वरचा डोलाराही गेला. उरलं काय, तर जे भेगेच्या आत खोल खचलं होतं तेवढंच. खाली गेल्यामुळे ते झिजेच्या तावडीतून सुटलं, आजूबाजूच्या जुन्या खडकांनी त्याला चारी बाजूंनी धरून ठेवलं. जे खचलं ते वाचलं, उरलेल्याचा मागमूस नाही. बरं, खड्ड्यातला रायोलाइट आणि अँडेसाइट हा बऱ्याच ठिकाणी चिवट दगड, त्यामुळे पुढे जेव्हा सगळा प्रदेश वर उचलला गेला आणि कापला गेला तेव्हा हा ठोकळा डोंगर म्हणून उठून दिसायला लागला. खड्डा वर कसा आला याचं उत्तर एवढंच आहे.

वर उचलला जाण्यात एक मोठा हात अटलांटिक महासागराचा. साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी अटलांटिकचा उत्तर भाग उघडायला लागला, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्काय, मल, रम या बेटांवर नवीन ज्वालामुखी पेटले आणि त्या भागातली जमीन उचलली गेली. उचललेली जमीन नद्या जोरात कापतात. तेव्हा बर्फ येण्याच्या आधीच इथे नद्यांनी दऱ्यांची आखणी करून ठेवलेली होती, हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळं श्रेय बर्फाला जातं.

त्या भेगेबद्दल अजून थोडं बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. दरीच्या उत्तरेला, पूर्वेकडच्या रॅनख मूर या पठाराच्या बाजूच्या तोंडाशी, स्टॉब व्हिक व्हार्टिन नावाचा एक तसा बिनमहत्त्वाचा वाटणारा डोंगर आहे, फोटोत कोणी त्याच्याकडे बघत नाही, पण भूगर्भशास्त्रवाले थेट तिथेच जातात. कारण कॅल्डेराची कड तिथे उघडी दिसते. एका बाजूला जुना, घड्या पडलेला खडक, दुसऱ्या बाजूला भेगेतून वर आलेला आणि थिजलेला मॅग्मा, आणि दोघांच्या मध्ये एक काळा, गारगोटीसारखा कठीण, अतिशय बारीक पोताचा पट्टा. क्लाउ, मॉफ आणि बेलीने तो नोंदवून ठेवला होता. २००७ मध्ये कोकेलारने त्याचं कोडं पुन्हा उघडलं: जमीन इतक्या वेगात आणि एका दमात इतकी खाली घसरली की घर्षणाने भेगेतला दगडच वितळला, आणि तो वितळलेला दगड थंड होऊन हा काळा पट्टा झाला. साध्या भूकंपात भेग एका झटक्यात काही मीटर सरकते. इथे त्याच्या कितीतरी पट सरकली असणार. डोंगर खचतो म्हणजे हळूहळू बसतो असं आपल्याला वाटतं ना, तो समज मोडायला हा काळा पट्टा पुरे.

मॅग्माचा साठा पूर्ण संपला नव्हता. नंतरच्या काळात उभ्या भेगांतून मॅग्मा वर चढला आणि त्यांचे डाइक झाले, उभ्या भिंती, ज्यातल्या कितीतरी ईशान्य-नैऋत्य दिशेने कॅल्डेराला सरळ कापत जातात. दक्षिणेला एटिव्हचा मोठा ग्रॅनाइट वर आला. डाइकचा दगड काही ठिकाणी आजूबाजूच्या खडकापेक्षा लवकर झिजतो आणि तिथे कड्यात खोल चिरा पडतात. ग्लेन कोच्या कड्यांवर वरपासून खालपर्यंत ज्या सरळ, काळ्या घळी दिसतात त्यातल्या बऱ्याचशा अशा डाइकवर नाहीतर भेगांवर पडलेल्या आहेत. दरीच्या पश्चिम टोकाकडे अन ट्रॉन नावाचा गोलसर डोंगर आहे, त्याला उभा चिरत जाणारा घळ तर थेट कॅल्डेराच्या कडेच्या भेगेवरच आहे. खाली रस्त्यावर उभं राहून बोट दाखवता येतं: घळीच्या डावीकडे कॅल्डेराच्या आतलं, उजवीकडे भेगेत थिजलेलं.

आता बर्फ.

गेली २६ लाख वर्षं पृथ्वीवर हिमयुगांचं येणंजाणं चालू आहे. स्कॉटलंड त्यात कितीतरी वेळा बर्फाखाली गेलं आणि बाहेर आलं. शेवटचा मोठा बर्फ साधारण २७ ते २० हजार वर्षांपूर्वी सगळ्यात जास्त पसरला होता, हायलँड्स तेव्हा जवळपास पूर्ण झाकलेले होते. मग ऊब आली, बर्फ वितळला, आणि सगळं संपलं असं वाटत असतानाच साधारण १२,९०० वर्षांपूर्वी थंडी परत आली आणि ११,७०० वर्षांपूर्वीपर्यंत मुक्काम ठोकून राहिली. या छोट्या शेवटच्या थंडीत स्कॉटलंडच्या पश्चिम हायलँड्सवर पुन्हा बर्फाची टोपी चढली आणि तिचं एक मुख्य ठिकाण होतं रॅनख मूर, ग्लेन कोच्या पूर्वेचं ते उजाड, दलदलीचं, ग्रॅनाइटचं पठार. तिथे साचलेला बर्फ जिथून वाट मिळेल तिथून बाहेर सांडत होता आणि एक वाट होती ग्लेन को. पूर्वेकडून आत शिरायचं, दरी घासत पश्चिमेला लॉख लेव्हनच्या खाडीकडे उतरायचं.

बर्फ दगड कसा कापतो? नुसता बर्फ दगडापेक्षा मऊ असतो, तो स्वतः काही करू शकत नाही. दोन युक्त्या आहेत. एक, हिमनदीच्या तळाशी अडकलेले दगड-धोंडे, ते खालच्या खडकावर घासत जातात, ओरखडे पाडतात, खडक गुळगुळीत करतात. दुसरी युक्ती जास्त खतरनाक, तळाशी थोडं पाणी असतं, ते खडकाच्या भेगांत शिरतं, पाण्याचा दाब कमीजास्त होत राहतो, भेगा वाढत जातात, सैल झालेला ठोकळा बर्फाला चिकटतो आणि बर्फ त्याला उचकटून घेऊन पुढे निघतो. ज्या खडकात आधीच भेगा भरपूर आहेत तिथे ही उचकटपट्टी जोरात चालते. आणि ग्लेन कोचा खडक तर कॅल्डेराने तडकवून, डाइकने चिरून तयारच ठेवलेला. बर्फाला आयतं मिळालं.

नदीने कोरलेली दरी साधारण इंग्रजी व्ही सारखी असते, आणि ती नागमोडी जाते, दोन्हीकडच्या डोंगरांचे सोंडेसारखे फाटे आळीपाळीने मध्ये येतात. हिमनदीला एवढ्या वळणांनी जायला जमत नाही. ती मध्ये आलेल्या सोंडा छाटून टाकते, तळ रुंद करते, बाजू उभ्या करते. ग्लेन कोच्या दक्षिण बाजूचे ते तीन प्रसिद्ध सुळके, थ्री सिस्टर्स, म्हणजे बीन अटा, गिअर ओनाख आणि ओनाख डूव्ह, ते असेच छाटलेल्या सोंडांचे उरलेले भाग आहेत. त्यांचे समोरचे कडे इतके अचानक का तुटतात याचं कारण हेच. मागे त्यांना जोडणारा बीडियन नाम बियानचा मुख्य कणा आहे.

थ्री सिस्टर्सच्या मधल्या दऱ्यांमध्येही लहान हिमनद्या होत्या, पण त्यांचं बळ कमी, त्यांनी तेवढं खोल खोदलं नाही. मोठा बर्फ गेल्यावर त्या दऱ्या मुख्य दरीच्या वर अधांतरी राहिल्या, त्यांच्यातलं पाणी आता धबधब्याने किंवा अरुंद घळीने खाली येतं. यातली सगळ्यात भारी म्हणजे लॉस्ट व्हॅली. खालून ती दिसतच नाही, कारण बर्फ गेल्यानंतर गिअर ओनाखच्या बाजूचा कड्याचा मोठा भाग कोसळला आणि त्या धोंड्यांनी दरीचं तोंड बुजवलं. धोंडे काही काही घराएवढे आहेत. त्यांच्या मागे पाणी अडलं, गाळ-गोटे साचत गेले आणि एक सपाट मैदान तयार झालं, डोंगराच्या कुशीत, कोणाला पत्ता लागणार नाही असं. आणि ओढा? तो धोंड्यांच्या ढिगाखालून वाहतो, म्हणून वर बऱ्याचदा कोरडं दिसतं. ग्लेन कोमधल्या मॅकडोनाल्ड कुळातली मंडळी पळवून आणलेली गुरं इथे लपवायची असं सांगतात, आणि जागा बघितली तर ते पटतं.

हा कडा बर्फ असताना नाही तर बर्फ गेल्यानंतर कोसळला, हेही समजून घेण्यासारखं आहे. हिमनदी बाजू उभ्या करते खरी, पण ती असेपर्यंत त्या बाजूंना आधारही देते. बर्फ गेला की आधार गेला, खडकातला ताण मोकळा होतो, भेगा उघडतात, आणि मग शेकडो-हजारो वर्षांनी कधीतरी एखादा तुकडा सुटतो.

समोरच्या म्हणजे उत्तरेच्या बाजूला ओनाख एगाखची धार. दोन्ही बाजूंनी कापलं गेल्यावर मध्ये जे उरतं ते असं पात्यासारखं होतं. ब्रिटनच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात अरुंद धार अशी तिची ख्याती आहे. पूर्वेच्या तोंडावरचा बूअखिल एटिव्ह मोर, तो पिरॅमिडसारखा एकटा उभा, सगळ्यात जास्त फोटो ज्याचे निघतात तो, साधारण १०२० मीटर, त्याचे कडे मुख्यतः रायोलाइटचे, भक्कम आणि हाताला पकड देणारे, म्हणून क्लायंबिंगवाल्यांचा जीव त्याच्यावर. सगळेच कडे इतके चांगले नाहीत. त्याच ज्वालामुखीतला अँडेसाइटचा आणि मऊ गाळाचा भाग भुसभुशीत आहे, हातात येतो.

बर्फ वितळला तरी काम थांबलेलं नाही. वरून जड बर्फाचं ओझं गेल्यामुळे जमीन हळूहळू वर येतेय, म्हणून लॉख लेव्हनच्या किनाऱ्याकडे जुने समुद्रकिनारे आजच्या पाण्याच्या वर चढून बसलेले आढळतात. दरीच्या तळाशी लॉख अख्ट्रिऑख्टन हे छोटं तळं आहे, ते गाळाने भरत चाललंय. जोराचा पाऊस झाला की डाइकच्या त्या उभ्या घळींमधून चिखल-दगडांचा लोंढा सुटतो आणि पायथ्याशी पंख्यासारखा पसरतो. रस्त्यावरून वर बघितलं तर घळीच्या तोंडाशी असे पंखे एकामागून एक दिसतात, काहींवर गवत उगवलेलं, काहींवर ताजे करडे पट्टे. म्हणजे ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या मॅग्माची चीर आज पावसाचं पाणी वाट म्हणून वापरतंय.

लोक विचारतात की हा परत पेटेल का. नाही. खाली मॅग्माच नाही, होता तो कधीच ग्रॅनाइट होऊन बसलाय, आणि ज्या भूखंडांच्या टकरीमुळे तो तयार झाला ती टक्कर केव्हाच संपली. जिवंत कॅल्डेरा बघायचे तर जगात आहेत, पण त्यात एक अडचण आहे: वरून फक्त खड्डा दिसतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनचं क्रेटर लेक साधारण ७,७०० वर्षांपूर्वी असंच डोंगर खचून झालं, सुंदर आहे, पण त्यात जवळपास ६०० मीटर खोल पाणी भरलंय आणि खाली काय झालं ते सगळं झाकलेलं. फिलिपिन्समधला पिनाटुबो १९९१ मध्ये खचला तो तर लोकांच्या डोळ्यांदेखत, पण भेगेच्या तळाशी काय चाललं होतं हे कोण जाऊन बघणार. ग्लेन कोमध्ये बर्फाने अख्खा ज्वालामुखी उभा कापून ठेवलाय, समुद्रसपाटीच्या जवळपासपासून ११५० मीटरपर्यंत. म्हणून आजही जिवंत ज्वालामुखींचा अभ्यास करणारे लोक या मेलेल्या ज्वालामुखीकडे येतात.

जाणार असाल तर पूर्वेकडून, रॅनख मूरच्या बाजूने ए-८२ रस्त्याने आत या, म्हणजे बर्फ ज्या दिशेने आला त्याच दिशेने. आधी डावीकडे बूअखिल, मग थ्री सिस्टर्सच्या समोरचा पार्किंगचा थांबा, तिथून लॉस्ट व्हॅलीची पायवाट सुटते. पुढे तळ्यापाशी थांबून ओनाख डूव्हच्या पायऱ्या आणि अन ट्रॉनची घळ, दोन्ही एकाच जागेवरून दिसतात. ओनाख एगाखच्या धारेवर जायचं असेल तर अनुभव आणि सोबत दोन्ही पाहिजे, कारण एकदा धारेवर चढलात की मधूनच रस्त्याकडे उतरायला सुरक्षित वाट नाही, खालून सोप्या वाटणाऱ्या घळी वरून उतरताना सैल दगडांच्या निघतात, आणि पश्चिम टोकाला क्लॅखेगच्या घळीच्या कडेने उतरणारी वाट जवळची दिसली तरी तिथे अपघात झालेत, त्यापेक्षा लांबून वळसा घालून खिंडीकडून उतरलेलं बरं.